चार पानांचा शब्द

नॉर्मन अथी हा माणूस इंग्लंडातल्या सन्डरलंडच्या जहाज बांधायच्या गोदीत पंधराव्या वर्षी आला आणि पन्नासाव्या वर्षी बाहेर पडला. मधली पस्तीस वर्षं त्याने एकच काम केलं. क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला इशारे द्यायचे. पोलादी प्लेट वर, प्लेट खाली, थांब, सोड. त्याचे हात मोठे होते, आणि जाड हातमोज्यांतूनही ते लांबून स्पष्ट दिसत. वर क्रेनच्या खोपटात बसणारा लेस हार्बॉटल म्हणायचा, "नॉर्मनचे हात दिसले की मला खालचं काही बघावं लागत नाही."

मी एकोणीसशे त्रेसष्ट साली त्या गोदीच्या नकाशाघरात, म्हणजे जहाजांचे आराखडे काढायच्या कचेरीत, नोकरीला लागलो. जोग हे माझं नाव तिथे दोन दिवसांत 'जो' झालं. पहिल्याच आठवड्यात नॉर्मन फाटकाशी समोरून आला, मान हलवून "राइट?" म्हणाला आणि मी उजवीकडे वळून पाहिलं. तो इतका हसला की त्याला डबा खाली ठेवावा लागला. "अरे, उजवीकडे काही नाही! बरा आहेस का, असं विचारतोय. तू पण राइट म्हण आणि चालायला लाग."

मग त्यानेच मला तिथली भाषा शिकवली. जेवणाच्या सुट्टीत वाफाळता चहा आणि डुकराच्या मांसाची जाड पावात घातलेली फोड घेऊन तो नकाशाघराच्या पायरीवर येऊन बसायचा. त्याची बायको डोरीन दोन माणसांचा डबा द्यायची, एक त्याचा आणि एक तिच्या धाकट्या भावाचा. हा भाऊ, एर्नी सर्टीज, वेल्डर होता. छत्तीस वर्षांचा, लग्न न केलेला, आणि बहिणीच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहणारा. शनिवारी फुटबॉलला दोघं बरोबर जायचे आणि हरल्यावर एकमेकांना दोष देत परत यायचे. डोरीन म्हणायची, "माझ्या घरात दोन पोरं आहेत, आणि दोघंही टक्कल पडलेली."

सहासष्ट साली आमच्याकडे एक मोठं जहाज बांधायला घेतलं. त्याच्या कडा इतक्या उंच गेल्या की क्रेनच्या खोपटातून खालचा माणूस दिसेना. पूर्वी अशा वेळी दोन इशारेवाले असत. एक खाली, एक कडेवर. खालच्याने दिलेला इशारा कडेवरचा वर पोचवायचा. आमचे व्यवस्थापक मिस्टर क्लीव्हली यांनी त्याऐवजी एक बोलायची डबी आणवली. बटण दाबायचं आणि बोलायचं, क्रेनमध्ये आवाज जातो, तिथला खाली येतो. कडेवरच्या माणसाला दुसरीकडे पाठवलं.

डबी आल्यावर तिसऱ्या दिवशी नॉर्मन पायरीवर आला तो चहा न घेताच.

"जो, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. मला एक कागद लिहून दे."

"कसला?"

"ही डबी खरखरते. निम्मे शब्द पोचतात, निम्मे वाऱ्यावर जातात. आणि आम्ही लोक दिवसातून शंभर वेळा राइट म्हणतो. ठीक आहे म्हणायचं तरी राइट, कळलं म्हणायचं तरी राइट, आणि क्रेन उजवीकडे न्यायची तरी राइट. वर लेसला एकटा तोच शब्द ऐकू गेला तर त्याने काय करायचं?"

मी कागद लिहिला. नॉर्मन सांगत गेला, मी नकाशावर लिहितो तसं उभ्या ठसठशीत अक्षरांत उतरवत गेलो. डबीवर उजवीकडे म्हणायचं असेल तर 'नदी' म्हणावं, कारण खोपटाच्या उजव्या हाताला नदी आहे आणि डाव्या हाताला शहर. डावीकडे म्हणायचं असेल तर 'शहर' म्हणावं. 'राइट' हा शब्द डबीवर कोणीही कोणत्याही कारणाने उच्चारू नये. तसा हुकूम कचेरीतून निघावा. खाली त्याने सही केली. नोव्हेंबरची अठरा तारीख. तो कागद मी स्वतः क्लीव्हलींच्या टेबलावर ठेवला, कारण मला तसंही एक नकाशा द्यायला जायचं होतं. त्यांनी माझ्यासमोर तो वाचला, "हं" म्हणाले आणि उजव्या हाताच्या खणात टाकला.

हुकूम निघाला नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. नॉर्मनने दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्याला उत्तर मिळालं की विचार चालू आहे. दुसऱ्यांदा उत्तर मिळालं की तुझं म्हणणं राइट आहे, पण सध्या काम मागे पडलंय.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, समुद्राकडून असा वारा येत होता की तोंड उघडलं तर दात दुखावेत. क्रेनला एक प्लेट टांगलेली होती. एर्नी जहाजाच्या दोन पोलादी फासळ्यांच्या मध्ये उभा होता, प्लेट बसली की वेल्डिंगचे टाके मारायला. प्लेट हेलकावे घेऊ लागली. लेसने वरून विचारलं, "वारा जाईपर्यंत धरून ठेवू का?" नॉर्मनने बटण दाबलं आणि म्हणाला, "राइट, धरून ठेव."

वर पोचला तो फक्त पहिला शब्द.

लेसने क्रेन उजवीकडे फिरवली. मी नकाशाघरात होतो. आवाज मोठा झाला नाही. मोठा झाला तो नंतरचा, नॉर्मनचा. तो डबीत ओरडत होता, बटण न दाबता.

एर्नीला प्लेट आणि फासळीच्या मधून बाहेर काढायला पाऊण तास लागला. तोपर्यंत घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी नॉर्मन घरी कसा गेला ते मला माहीत आहे, कारण मीच बरोबर होतो. डोरीनने दार उघडलं. नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग माझं पाहिलं, मग आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं, तिसरं कोणी येतंय का म्हणून.

"एर्नी कुठाय?"

मी सांगितलं. तिने ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "खाली कोण होतं?"

"मी," नॉर्मन म्हणाला.

ती आत निघून गेली.

कंपनीची चौकशी एप्रिलमध्ये झाली, वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत. अपघाताच्या जागेचा नकाशा मी काढला होता, म्हणून मलाही बोलावणं होतं. आदल्या दिवशी क्लीव्हलींनी मला बोलावून घेतलं. ते कधी आवाज चढवत नसत. खुर्ची दिली, चहा मागवला.

"जो, तुझी बायको आणि मुलगी जूनमध्ये येतायत ना?"

"हो सर. मिरजेहून."

"तुझ्या कायम नोकरीचे कागद माझ्याकडे आलेत. सही करायचीय. उद्या तू फक्त नकाशाबद्दल बोलायचंस. बाकीचं तुझ्या खात्यातलं नाही. तेच राइट होईल, तुझ्या दृष्टीने."

मी चहा प्यालो. मला आठवतं, बिस्किटसुद्धा घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा वकील एक जाडजूड शब्दकोश घेऊन आला. तरुण होता, स्वच्छ हातांचा. त्याने खूण घातलेलं पान उघडलं आणि नॉर्मनसमोर धरलं.

"मिस्टर अथी, तुम्ही डबीवर जो शब्द उच्चारलात, त्याला या कोशात चार पानं दिली आहेत. चार. सरळ, योग्य, खरं, हक्क, उजवी बाजू, दुरुस्त करणं, ताबडतोब, पुरेपूर... मी सगळे वाचत नाही. यांपैकी तुम्हाला कुठला अर्थ अभिप्रेत होता?"

"ऐकलं, असा."

वकिलाने बोट खाली खाली नेलं. पान उलटलं. पुन्हा उलटलं. "हा. हा चौथ्या पानावर आहे. बोलीतला म्हणून दिलाय."

"मी बोलीतच बोलतो, सर."

एक-दोन जण हसले. वकीलही हसला. "पण लेस हार्बॉटल यांना तो कुठल्या पानावरचा वाटेल, हे ओळखणं तुमचं काम नव्हतं का?"

"होतं. म्हणूनच मी नोव्हेंबरात कागद दिला होता. हा शब्द डबीवर बंद करा म्हणून."

क्लीव्हली म्हणाले, "असा कोणताही कागद माझ्याकडे आलेला नाही."

वकील पुन्हा नॉर्मनकडे वळला. "तुम्हीच लिहिलात हा कागद?"

नॉर्मनने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. डोळे माझ्यावर एक क्षण ठेवले आणि काढून घेतले. मी नकाशाच्या गुंडाळीची दोरी सोडत होतो. ती आधीच सुटलेली होती.

"हो," नॉर्मन म्हणाला. "मीच लिहिला."

"कोणी पाहिला?"

"नाही."

"तरीही आपण क्षणभर धरून चालू की कागद होता. म्हणजे हा शब्द धोक्याचा आहे हे या इमारतीत सर्वांत आधी तुम्हाला कळलं होतं. आणि तरीही, मिस्टर अथी, तुम्हीच तो उच्चारलात?"

नॉर्मन म्हणाला, "पस्तीस वर्षांची सवय, सर. वर कोणी काही विचारलं की तोंडातून तेच निघतं."

वकिलाने कोश मिटला. पुढे लेसला दोन प्रश्न विचारले. तो टोपी पिळत राहिला आणि "आठवत नाही" म्हणाला. मला एकच प्रश्न होता, माप बरोबर आहे का. मी सांगितलं, आहे.

निकाल लागला तो असा की इशारेवाल्याने निष्काळजीपणे संदिग्ध शब्द वापरला. नॉर्मनला क्रेनवरून काढून भांडारात हातमोजे वाटायला बसवलं. सहा आठवड्यांनी फाटकाशी एक छापील सूचना लागली. डबीवर यापुढे उजवीकडेसाठी 'नदी' आणि डावीकडेसाठी 'शहर' म्हणावं. खाली क्लीव्हलींची सही. मी ती वाचत उभा असताना नॉर्मन माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने सूचना वाचली, ओठ हलवत, सावकाश. मग भांडाराकडे गेला. वर्ष संपायच्या आत त्याने नोकरी सोडली.

गल्लीत बोलणं पसरलं ते वेगळंच. नॉर्मन घरी म्हणाला होता की नदी-शहर ही कल्पना माझी. डोरीनने ते शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीच्या नवऱ्याने गोदीतल्या चहाच्या अड्ड्यावर. तिथे खसखस पिकली. साहेबाने नियम काढला तर आता हा म्हणतो माझा! मेव्हण्याला मारून वर शहाणपण. बरं झालं, याच्याच लायकीचं झालं, असंही कोणी म्हणालं, आणि इंग्रजीत ते म्हणायलासुद्धा तोच शब्द लागतो: 'सर्व्ज हिम राइट'.

डोरीनने त्याला एकदाच विचारलं. मी तिथे होतो. रविवार होता, मी पत्नी आणि मुलीला भेटवायला नेलं होतं. बायका स्वयंपाकघरात होत्या आणि ती मध्येच बाहेर आली, हातात बटाटे सोलायची सुरी घेऊन.

"नॉर्मन, एकदाच सांग. कागद होता?"

"होता."

"मग कोणी पाहिला कसा नाही?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मी त्याच्याच शेजारी बसलो होतो, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन.

"नाही पाहिला कोणी," तो म्हणाला.

"मग खोटं बोलू नकोस. चूक झाली म्हण. चूक झाली म्हणालास तर मी कधीतरी माफ करीन. पण माझ्या भावाच्या जिवावर शहाणा ठरू नकोस."

त्या दिवसानंतर आम्ही त्यांच्या घरी फारसे गेलो नाही. कारण मी बायकोला सांगितलं की त्यांना त्रास नको.

नॉर्मनने तो शब्द सोडला. कोणाला सांगून नाही, पण आठवडाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्या भागात तो शब्द सोडणं म्हणजे बोलणंच सोडणं. रस्त्यात समोरून माणूस येतो, "राइट, नॉर्मन?" म्हणतो, आणि त्यावर तोच शब्द परत द्यायचा असतो. नॉर्मन नुसता पाहायचा. बसमध्ये कुठे उतरायचं ते सांगायला तो हात करायचा. दुकानदाराने सुटे पैसे हातावर ठेवून विचारलं की बरोबर आहेत ना, तर हा निघून जायचा. लोक म्हणू लागले, माजलाय. नंतर म्हणू लागले, डोकं फिरलंय. त्याने शाळेच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली होती, ती तीन महिन्यांत गेली, कारण मुख्याध्यापकांना तो उर्मट वाटला. मग त्याने शहराच्या दफनभूमीत गवत कापायचं काम घेतलं. तिथे कोणी काही विचारत नसे.

घरात डोरीनने माडीवरची एर्नीची खोली घेतली आणि तीच तिची झोपायची खोली झाली. ती जेवण वाढायची, कपडे धुवायची, पगाराच्या दिवशी त्याला तंबाखू आणून द्यायची. बोलायची ते कामापुरतं. एकवीस वर्षं.

माझं बरं चाललं. क्लीव्हली निवृत्त झाले तेव्हा मी नकाशाघराचा प्रमुख होतो. निरोप-समारंभात त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. ते चार शब्द मी बोललो.

अठ्ठ्याऐंशी साली गोदी बंद झाली. कचेऱ्या रिकाम्या करायचं काम आमच्यातल्याच काही जणांवर आलं. क्लीव्हली तोवर वारले होते. त्यांच्या जुन्या फायली कपाटातून काढून कचऱ्याच्या लोखंडी पेटाऱ्यात टाकल्या जात होत्या. मी दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्या उपसल्या. सहासष्टचा नोव्हेंबर सापडला. त्यात कोळशाच्या पावत्या होत्या, एका मेजवानीचा खर्च होता. तो कागद नव्हता.

तो सापडला असता तर मी नॉर्मनकडे गेलो असतो का, कोण जाणे. कदाचित पोस्टाने पाठवला असता. पण सापडला नाही, आणि मग माझ्याशिवाय दुसरा पुरावाच उरला नाही, हे माझ्या ध्यानात आलं. त्या शनिवारी मी गेलो.

नॉर्मन एकाहत्तर वर्षांचा होता. छातीत धूळ बसलेली, श्वास शिट्टीसारखा वाजायचा. शेगडीजवळ बसला होता. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो.

"नॉर्मन, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला.

"तू माझं नाव का घेतलं नाहीस? माझ्याकडे पाहिलंस, आणि घेतलं नाहीस. माझी नोकरी वाचवायला?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला. "तुझी नोकरी? गड्या, मी तुझं तोंड पाहिलं. तू नाही म्हणणार होतास. नाव घेतलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास, तर मग मीच म्हटलं असतं, कागद नव्हताच बहुतेक. मला वेड लागलं असतं. निदान मला माहीत होतं की कागद होता."

"कसला कागद?"

डोरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी सांगितलं. कोणी लिहिला, कुठल्या टेबलावर ठेवला, कुठल्या खणात गेला. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तू मला का नाही सांगितलंस, की यानं लिहिला?"

"तू याला विचारलं असतंस. आणि याने नाही म्हटलं असतं. मग तू कायमची गेली असतीस."

ती माझ्यापुढे आली. सहासष्ट वर्षांची बाई, माझ्या खांद्याइतकी. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझी मुलगी याच खोलीत तुझ्या मांडीवर बसली होती," ती म्हणाली. "मी सुरी घेऊन उभी होते. तू ऐकत होतास."

"हो."

"लिहून दे. आत्ता. त्याच अक्षरात."

मी लिहिलं. घडलेलं सगळं उतरवलं, खाली सही केली. अक्षर तेच आलं. तिने त्याच्या प्रती काढून तीन ठिकाणी पाठवल्या. एका कचेरीने कळवलं की ती चौकशी खासगी होती, आमच्याकडे नोंद नाही. दुसरीने कळवलं की सदर कंपनी आता अस्तित्वात नाही. तिसरीकडून काहीच आलं नाही.

नॉर्मनने ती उत्तरं वाचलीही नाहीत. डोरीन खाली त्याच्या शेजारी झोपू लागली होती, पण आता तो रात्रंदिवस खुर्चीतच बसलेला असायचा, आडवं झालं की गुदमरायचा. तिने काही विचारलं तर "राहू दे गं आता" म्हणायचा. एकवीस वर्षं न बोलायची सवय त्यालाही लागली होती. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. डोरीनने मला उठवलं नाही, आणि बोलावलंही नाही.

जूनमध्ये तिचा फोन आला. "लेस हार्बॉटल सीहॅमला मुलीकडे असतो. मी जातेय. तू चल. तूच लिहिलास हे त्याला दिसलं पाहिजे. त्याला तरी कळू दे की चूक त्याची आणि नॉर्मनचीच नव्हती."

लेसला आता दिसत नव्हतं. अपघातानंतर तो पुन्हा क्रेनवर चढला नव्हता. मुलीने त्याला खिडकीशी बसवलं होतं, समुद्राकडे तोंड करून. डोरीनने माझा कागद काढला आणि मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. मी दाराशी उभा होतो.

लेस म्हणाला, "नदी आणि शहर."

"हो. त्याचंच होतं ते."

"माहीत आहे. त्याने मला कागद द्यायच्या आधीच सांगितलं होतं. म्हणाला, लेस, कचेरीचं कचेरीत, आपण दोघं उद्यापासून असंच म्हणू या. मी म्हटलं, हुकूम येऊ दे. उगाच मी नदीकडे वळवली आणि काही झालं तर साहेब मला विचारतील, नदी कोणी सांगितलं?"

डोरीनच्या हातातला कागद खाली आला. "म्हणजे तुलाही माहीत होतं? आणि तू चौकशीत आठवत नाही म्हणालास?"

"गोदीत सगळ्यांनाच माहीत होतं, डोरीन," लेस म्हणाला. "पायरीवर बसून लिहिला त्यांनी तो. येणारा-जाणारा पाहत होता."

त्याच्या मुलीने चहा आणला. डोरीनने घेतला नाही. ती कागद पर्समध्ये ठेवायला लागली, मग ठेवला नाही, लेसच्या मांडीवरच्या घोंगडीवर ठेवून दिला आणि बाहेर पडली.

परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली, ड्रायव्हरच्या मागे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. वाटेत एकदा बस थांबली तेव्हा मी उठून तिच्यापाशी गेलो, पण ती खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाली, "बस तिथेच." मी जाऊन बसलो. तिचा थांबा आला, ती उतरली आणि टेकडीवरच्या चढाला लागली. ऊन होतं. तिने कोट काढून हातावर घेतला होता, आणि अर्ध्या वाटेत दम खायला ती एका कुंपणाला धरून उभी राहिली.